लिंबाची नवी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या: खत कमी पडते आहे की मातीचा सामू (पीएच) बिघडला आहे?

पालवी

नमस्कार. माझ्याकडे कुंडीत लावलेले चार वर्षांचे लिंबाचे झाड आहे. कुंडी साधारण ४० लिटरची असून १४ महिन्यांपूर्वी झाड तिच्यात हलवले, तेव्हा शेतातली काळी माती आणि चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळून वापरले होते. पहिले काही महिने वाढ उत्तम होती. त्यानंतर मात्र शेंड्याकडे येणारे प्रत्येक नवे पान फिकट पिवळे येऊ लागले असून त्यावर शिरांची बारीक हिरवी जाळी तेवढी उठून दिसते. अगदी ताज्या फुटीची पाने तर जवळपास पांढरट आहेत. खालची जुनी पाने रंगाने हिरवीच आहेत, परंतु त्यांपैकी काहींची टोके तपकिरी होऊन करपलेली आहेत.

पाने पिवळी दिसताच मला प्रथम मॅग्नेशियमची कमतरता सुचली आणि मी महिन्याच्या अंतराने तीन वेळा एप्सम सॉल्ट दिले. फरक पडला नाही, म्हणून १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेले विद्राव्य खत दर पंधरा दिवसांनी सुरू केले. त्यानेही काही झाले नाही, तेव्हा हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत दोनदा मिसळले. त्यानंतर आठवडाभर पाने किंचित सुधारल्यासारखी वाटली, पण तो माझ्या आशेचा परिणाम असावा. पाणी बोअरचे आहे, दर एक दिवसाआड सुमारे तीन लिटर देते. कुंडीच्या काठावर पांढरा थर साचतो.

माझा प्रश्न असा की, आता नेमके कोणते अन्नद्रव्य द्यावे? आणि दिलेली खते झाड घेत का नसावे?

मृदावेध

पालवी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर दडलेले आहे, म्हणून मी आधी त्याकडे वळतो. तोपर्यंत एक विनंती करतो, की कृपया सर्व खते आजपासून थांबवावीत. आजारी झाडाला खत देणे हा आपल्या सर्वांचा पहिला हात असतो, आणि बहुतेक वेळा निदान बिघडते ते त्याच ठिकाणी, कारण प्रत्येक नव्या खताने मूळ लक्षणावर दुसरे लक्षण चढते आणि पुढे कशामुळे काय झाले हे वेगळे काढता येत नाही.

पान पिवळे आहे, एवढ्या माहितीला निदानात फारसे मोल नाही. कोणते पान पिवळे आहे, ही माहिती मात्र अर्धे निदान असते. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाच्या आत एका भागातून दुसऱ्या भागात हलू शकतात. त्यांचा तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतून ती काढून नव्या फुटीला पुरवते, आणि म्हणून लक्षण खालच्या पानांवर आधी उमटते. लोह, मंगल (मँगनीज), जस्त, तांबे, बोरॉन आणि कॅल्शियम एकदा पानात बसली की तिथून सहसा हलत नाहीत, किंवा फारच थोडी हलतात. जुनी पाने तृप्त असतात आणि उपाशी राहतो तो शेंडा. गंधक या दोहोंच्या मधले आहे, पण त्याचा फिकेपणाही बहुधा नव्या पानांवर दिसतो, आणि तो शिरांसकट सगळ्या पानावर सारखा पसरतो.

हा एक नियम लावला तरी तुमच्या झाडाच्या बाबतीत मॅग्नेशियम बाद होते. मॅग्नेशियम हरितद्रव्याच्या रेणूच्या केंद्रस्थानी असते हे खरे, आणि त्याच्या अभावीही शिरांमधला भाग पिवळा पडतो हेही खरे, पण तो पिवळेपणा जुन्या पानांवर येतो. लिंबूवर्गीय झाडांत तर देठाकडे हिरवा त्रिकोण शिल्लक राहून बाकीचे पान पिवळे होते. तुमची जुनी पाने हिरवी आहेत. नवे पान पिवळे आणि शिरांची बारीक जाळी हिरवी, हे चित्र लोहाचे आहे. मंगलाच्या अभावात शिरांलगतचा हिरवा पट्टा जास्त रुंद असतो आणि त्याची कड पुसट असते. जस्ताच्या अभावात पाने लहान आणि अरुंद येतात, दोन पानांमधले अंतर घटते, आणि शेंड्याला पानांचा झुपका झाल्यासारखे दिसते.

परंतु पानाला लोह मिळत नाही आणि मातीत लोह नाही, ही दोन वेगळी विधाने आहेत. शेतातल्या मातीत लोह वजनाने काही टक्के असते, तर झाडाला लागते ते अत्यल्प. प्रश्न त्याच्या विरघळण्याचा आहे, आणि ते सामूवर अवलंबून आहे. म्हणून पुढे जाण्यापूर्वी मला चार गोष्टी समजल्या पाहिजेत. मुळांच्या खोलीवरच्या मातीचा सामू किती आहे? बोअरच्या पाण्याचा सामू आणि विशेषतः त्याची अल्कता किती आहे? कुंडीच्या तळाच्या छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची क्षारता किती आहे? आणि कुंडीतून गोळा हलकेच सरकवून पाहिल्यास मुळे पांढरट व टणक आहेत की तपकिरी, मऊ आणि वास येणारी? शेवटचा प्रश्न कृपया टाळू नये. सतत पाण्यात बुडालेल्या मुळांना प्राणवायू मिळाला नाही तरी पाने नेमकी अशीच पिवळी पडतात, आणि तशा झाडाला जगातले कोणतेही खत उपयोगी पडत नाही.

पालवी

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. खते थांबवली आहेत. माझ्याकडे मातीत खुपसायचा दोन सळयांचा मीटर आहे. तो ७ दाखवतो, म्हणजे सामू ठीक आहे असे मी धरून चालले होते.

ओलावा

त्या मीटरवर कृपया विसंबू नका. माझ्याकडेही तसाच होता. एकाच कुंडीत सकाळी कोरड्या मातीत आणि पाणी दिल्यावर त्याने दोन वेगळे आकडे दाखवले, आणि पुढे मी तो व्हिनेगर मिसळलेल्या मातीत लावला तरी काटा ७ च्या आसपासच राहिला. त्या दोन धातूंमधला सूक्ष्म विद्युतप्रवाह ओलाव्याने आणि क्षारांनीही बदलतो. काचेच्या इलेक्ट्रोडचा पेनासारखा मीटर घ्यावा, किंवा ते शक्य नसेल तर रंग बदलणारे द्रावण वापरावे. त्याचा अंदाज अर्ध्या एककाने चुकला तरी दिशा बरोबर सांगतो.

मृदावेध

ओलावा यांच्याशी पूर्ण सहमत. पेन-मीटर वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. सामू ८ च्या आसपास असण्याची शंका असेल, तर केवळ ४ आणि ७ च्या बफर द्रावणांवर मीटर जुळवून चालत नाही. ७ आणि ९.१८ किंवा ७ आणि १० यांवर जुळवावा, म्हणजे मोजायचा आकडा दोन खुणांच्या मध्ये येतो. आणि इलेक्ट्रोड कोरडा किंवा डिस्टिल्ड पाण्यात ठेवू नये. त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचे साठवण-द्रावण असते.

माती मोजताना वरचा दोन बोटांचा थर बाजूला सारून चार ठिकाणांहून मुळांच्या खोलीवरची माती घ्या, एकत्र करून सावलीत वाळवा आणि चाळा. तिच्यातली २० ग्रॅम माती ५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात घालून अर्धा तास अधूनमधून ढवळा, मग आकडा घ्या. मातीचे आणि पाण्याचे हे प्रमाण प्रत्येक वेळी तेच ठेवावे, कारण पाणी वाढवले की सामूचा आकडाही थोडा सरकतो आणि आधीच्या मोजणीशी तुलना होत नाही.

बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी नेहमीप्रमाणे पाणी द्या, तासभर निथळू द्या, मग वरून हळूहळू डिस्टिल्ड पाणी ओता आणि तळातून येणारे पहिले ५० मिलिलिटर स्वच्छ बशीत धरा. त्यात सामू आणि ई. सी., म्हणजे क्षारता दाखवणारी विद्युतवाहकता, दोन्ही मोजा. तुमची कुंडी मोठी आहे, त्यामुळे ओतायचे पाणी अर्धा लिटर किंवा थोडे अधिक लागेल.

पालवी

सर्व मोजणी दोन-दोनदा करून लिहिते आहे.

मातीचा सामू पहिल्यांदा ८.१ आणि दुसऱ्यांदा ८.२ आला. वाळलेल्या मातीवर व्हिनेगर टाकल्यावर स्पष्ट बुडबुडे आले आणि कान जवळ नेल्यावर फसफस ऐकू आली. बोअरच्या पाण्याचा सामू ७.६ आहे, तो आकडा पाहून मला पाणी निर्दोष वाटले होते. मत्स्यटाकीसाठी मिळणाऱ्या थेंबांच्या संचाने अल्कता मोजली, ती कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात दर लिटरला सुमारे ३२० मिलिग्रॅम आली. बोअरच्या पाण्याची ई. सी. ०.९ आहे, तर कुंडीच्या तळातून आलेल्या पाण्याची ३.४. मुळे बाहेरच्या बाजूला पांढरट आणि टणक आहेत, वास नाही. मात्र तळाच्या चार बोटांत माती चिकट आणि घट्ट बसलेली आहे.

मृदावेध

इतकी नेटकी मोजणी हाताशी असली की बोलणे सोपे होते. एकेक आकडा घेऊ.

सामूची मोजपट्टी साधी बेरजेची नसून दहाच्या पटीची आहे. सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ती मांडली तेव्हापासून हा घोळ सगळ्यांच्या मनात होतो: ८.१ आणि ६.५ यांत दीडच एककाचा फरक दिसतो, प्रत्यक्षात हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात तो सुमारे चाळीस पट आहे. लोहाच्या बाबतीत परिस्थिती याहून कठीण आहे, कारण हवेशीर मातीत सामू एका एककाने वाढला की विरघळलेल्या फेरिक लोहाचे प्रमाण जवळपास हजार पटींनी घटते. तुमच्या कुंडीत लोह भरपूर आहे, पण ते गंजाच्या रूपात कुलूपबंद आहे. हिराकस का वाया गेला तेही यातच आले: त्यातले फेरस लोह ८ सामूच्या, हवा खेळत्या मातीत झपाट्याने फेरिक होते आणि तळाशी बसते. आठवडाभर दिसलेली सुधारणा कदाचित खरीही असेल, पण ती टिकण्यासारखी नव्हती.

दुसरे, पाण्याचा सामू ७.६ असणे हा दिलासा नाही. झाडासाठी पाण्याच्या सामूपेक्षा त्याची अल्कता, म्हणजे त्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटचा साठा, अधिक महत्त्वाची असते. ८.५ सामूचे पण जवळजवळ क्षारविरहित पाणी मातीला हलवू शकत नाही, आणि ७.२ सामूचे पण बायकार्बोनेटने भरलेले पाणी महिनोन्‌महिने मातीचा सामू वर ढकलत राहते. कुंडीसाठी दर लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर अल्कता गेली की मी काळजी करू लागतो. तुमची त्याच्या दुपटीहून अधिक आहे. आता हिशोब पाहा. एक दिवसाआड तीन लिटर, म्हणजे १४ महिन्यांत सुमारे ६४० लिटर पाणी. दर लिटरला ३२० मिलिग्रॅम धरले, तर २०० ग्रॅमहून जास्त चुन्याइतका परिणाम तुम्ही नकळत या कुंडीत ओतला आहे. त्यातला काही भाग तळातून वाहून गेला असेल, तरी काठावरचा पांढरा थर उरलेल्याची साक्ष देतो. मुळात माती चुनखडीची होतीच, हे व्हिनेगरने सांगितले. मुक्त चुनखडी असलेल्या मातीचा सामू साधारणपणे ७.५ ते ८.४ यांच्या दरम्यान राहतो, आणि तो ८.५ च्या वर गेला असता तर मी सोडियमची शंका घेतली असती. तसे येथे नाही.

तिसरे, करपलेली टोके. ती जुन्या पानांवर आहेत, टोकापासून आत सरकत आहेत, आणि तळातल्या पाण्याची ई. सी. दिलेल्या पाण्याच्या जवळपास चौपट आहे. हे कमतरतेचे नव्हे, साचलेल्या क्षारांचे लक्षण आहे, आणि लिंबूवर्गीय झाडे क्षारांना विशेष नाजूक असतात. एप्सम सॉल्ट आणि १९:१९:१९ यांचा मोठा भाग तिथेच पडून आहे. शिवाय या विद्राव्य खतातले स्फुरद सतत मिळत राहिले की लोह आणि जस्त यांचे शोषण आणखी अडते, आणि जास्तीचे मॅग्नेशियम कॅल्शियम व पालाश यांच्या वाटेत उभे राहते. थोडक्यात, झाडाला उपाशी समजून वाढलेले ताट त्याच्या गळ्याशी आले आहे.

तरीही लोहाचे निदान मी अजून पक्के म्हणणार नाही. त्यासाठी एक सोपी, जवळपास बिनखर्ची परीक्षा आहे. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि सौम्य साबणाचा एखादा थेंब घालून ताजे द्रावण करा, आणि संध्याकाळी मऊ कुंचल्याने तीन-चार पिवळ्या पानांच्या अर्ध्याच भागावर लावा. दुसऱ्या फांदीवर तशाच ताकदीचे मँगनीज सल्फेट, तिसरीवर झिंक सल्फेट, चौथीवर नुसते पाणी. फांद्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधा. जे द्रव्य खरोखर कमी आहे, त्याच्या खुणेखालचा भाग आठ-दहा दिवसांत हिरवा होऊ लागतो. येथे माती मध्ये येत नाही, त्यामुळे उत्तर झाडच देते. अगदी पांढरी पडलेली पाने मात्र निवडू नका. त्यांतून परत येण्याची शक्यता कमी असते.

कोंब

इतका खटाटोप कशासाठी? सामू जास्त असेल तर गंधकाची भुकटी मिसळावी, सामू खाली येतो, हे सर्वत्र सांगितले जाते. मी स्वतः जमिनीतल्या एका वाफ्यात ते केले आहे आणि वर्षभरात फरक पडला. जिप्समही त्यासाठीच वापरतात ना?

मृदावेध

कोंब, तुमचा वाफ्याचा अनुभव मी नाकारत नाही. ज्या मातीत मुक्त चुनखडी नाही किंवा अगदी थोडी आहे, तिथे गंधक चांगले काम करते. मातीतले जिवाणू त्याचे सल्फ्यूरिक आम्लात रूपांतर करतात. त्याला ऊब, ओल आणि काही आठवडे ते काही महिने लागतात. पण चुनखडी असेल तर ते आम्ल आधी चुनखडी संपवते आणि मगच सामू हलतो. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट निष्प्रभ करायला ३२ ग्रॅम गंधक लागते, हे साधे रसायनशास्त्र आहे. या कुंडीतली माती ४४ किलो धरली आणि तिच्यात केवळ ४ टक्के चुनखडी मानली, तरी ती पावणेदोन किलोहून थोडी अधिक होते आणि तिला संपवायला ५६० ग्रॅम गंधक लागेल. एवढे गंधक एका कुंडीत घातले तर मुळे आम्लाने आणि तयार होणाऱ्या क्षारांनी आधी होरपळतील. त्याहून कमी घातले तर सामू ८ च्या आसपासच राहील.

जिप्समबद्दलचा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. जिप्सम हे उदासीन मीठ आहे. सोडियममुळे चोपण झालेल्या जमिनीत ते सोडियमला हुसकावते आणि त्यामुळे तिथला सामू खाली येतो. चुनखडीच्या जमिनीचा सामू ते कमी करत नाही, आणि तुमच्या कुंडीत आधीच जास्त असलेल्या क्षारांत मात्र भर घालते.

दहिवर

या चर्चेत माझा उलट दिशेचा अनुभव नोंदवणे उपयोगी ठरेल असे वाटते, कारण हा धागा वाचून कोणी सरसकट सामू खाली आणण्याच्या मागे लागू नये.

मी टोमॅटोची रोपे नारळाचा भुसा आणि पीट (दलदलीतले अर्धवट कुजलेले शेवाळ) यांच्या मिश्रणात वाढवत होते. पाणी केवळ पावसाचे साठवलेले आणि नत्रासाठी अमोनियम सल्फेट. दोन महिन्यांनी खालच्या पानांवर शिरांच्या कडेने बारीक काळपट तपकिरी ठिपके आले, आणि पाठोपाठ पाने सुरकुतून गळू लागली. मला तो करपा वाटला. मी तीन वेळा बुरशीनाशक फवारले, तरीही ठिपके वाढतच गेले. मात्र त्यांना ना कडेचे वलय होते, ना पानांखाली बुरशीची वाढ. अखेर माध्यम मोजले तेव्हा सामू ४.८ आला. कमी सामूवर मंगल इतके मोकळे होते की ते झाडाला विषासारखे बाधते, आणि ठिपके त्याचेच होते. अमोनियम खत मुळांजवळ आम्लता वाढवते, पावसाच्या पाण्यात ती शमवणारे बायकार्बोनेट नव्हते, आणि मिश्रणात सुरुवातीला चुना घातलेला नव्हता. तिन्ही गोष्टी एकाच बाजूला झुकल्या.

बारीक दळलेली डोलोमाइट चुनखडी दर लिटर माध्यमाला दीड ग्रॅम या हिशोबाने वरच्या थरात मिसळून पाण्याने आत उतरवली आणि अमोनियम सल्फेटऐवजी कॅल्शियम नायट्रेट सुरू केले. पाच आठवड्यांनी सामू ५.९ झाला. ठिपके असलेली पाने सुधारली नाहीत, परंतु नव्या पानांवर ते आले नाहीत. तीन फवारण्यांचा खर्च आणि श्रम यांपेक्षा मला दोन महिन्यांच्या वाढीचे वाईट वाटते, आणि म्हणून सांगते, ठिपका दिसला की फवारणीच्या आधी मोजणी करावी.

मृदावेध

दहिवर यांचा अनुभव फार मोलाचा आहे. यात एक भर घालतो. तुमच्या पीट-भुशाच्या मिश्रणाला ५.५ ते ६.५ सामू योग्य असतो, तर खऱ्या मातीला ६ ते ७. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावला की विनाकारण दुरुस्त्या सुरू होतात. खनिज मातीत सामू ५.५ च्या खाली जाऊ लागला की ॲल्युमिनियम मोकळे होऊन मुळांची टोके आखूड आणि जाड होतात. पीटमध्ये ॲल्युमिनियमच जवळपास नसते, म्हणून तिथे तोच आकडा निभावतो. नारळाच्या भुशाचा आणखी एक स्वभाव आहे: तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि पालाश व सोडियम सोडतो. वापरण्यापूर्वी तो कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून निथळला नाही, तर भरपूर खत देऊनही पहिल्या महिन्यात मॅग्नेशियमची लक्षणे दिसतात.

ओलावा

टोमॅटोचा विषय निघालाच आहे तर विचारतो. फळाचा तळ काळा पडून आत बसतो, त्याला कॅल्शियमची कमतरता म्हणतात. मी अंड्यांच्या कवचांची पूड दिली, तरी थांबले नाही. सामू ७.३ आहे.

मृदावेध

७.३ सामूच्या मातीत कवचांची पूड जवळपास विरघळतच नाही, आणि तिथे कॅल्शियमची टंचाईही बहुधा नसते. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर पानांकडे ओढले जाते. फळातून बाष्प फारच थोडे उडते, म्हणून पाणी अनियमित झाले की सर्वांत आधी फळाचे टोक वंचित राहते. कुंडी पूर्ण सुकून मग भिजणे थांबवा, मातीवर आच्छादन घाला, आणि अमोनियमयुक्त खत व जास्तीचे पालाश कमी करा, कारण दोन्ही कॅल्शियमच्या शोषणाशी स्पर्धा करतात. काळी पडलेली फळे काढून टाका.

पालवी

कुंचल्याच्या परीक्षेचा निकाल अकराव्या दिवशी लिहिते आहे. हिराकस लावलेल्या चारही पानांचा तो अर्धा भाग स्पष्ट हिरवा झाला आहे, अगदी कुंचल्याचे ओघळ जिथे गेले तिथपर्यंत. मँगनीज सल्फेटच्या फांदीवर एका पानात किंचित फरक आहे. झिंक सल्फेट आणि नुसते पाणी, दोन्हींत काहीच नाही. एका पानावर हिराकस दाट लागला होता, तिथे तपकिरी डाग पडला.

आता उपाय काय? नव्या पानांवर सतत फवारतच राहावे का? आणि पाण्यात लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, घालून अल्कता मारता येईल का?

मृदावेध

अभिनंदन, आता हे निदान अंदाजाचे राहिले नाही. फवारणी हा तात्पुरता आधार आहे. लोह पानात हलत नसल्याने प्रत्येक नव्या फुटीला नव्याने फवारावे लागेल. तुमच्या बाबतीत मी माध्यमच बदलण्याच्या बाजूचा आहे. माती चुनखडीची, तळाशी घट्ट बसलेली आणि क्षारांनी भरलेली आहे. तिला सुधारण्यापेक्षा निम्मी-अधिक माती काढून टाकणे झाडाला सोपे जाईल. मुळांचा गोळा उकलून मोकळी होईल तेवढी माती पाण्याने सोडवा, व्हिनेगरवर न फसफसणारी माती, नारळाचा भिजवून निथळलेला भुसा आणि भरड वाळू यांचे मिश्रण वापरा. वाळूही व्हिनेगरवर तपासून घ्या, शिंपल्यांची असेल तर पुन्हा तोच प्रश्न येईल.

पाणी हा याहून महत्त्वाचा भाग आहे, कारण पाणी तेच राहिले तर वर्षभरात नवे माध्यमही जुन्याच्या वाटेने जाईल. सायट्रिक ॲसिड बायकार्बोनेट घालवते, पण त्यातून उरलेले सायट्रेट मातीतले जिवाणू खाऊन टाकतात आणि बायकार्बोनेट पुन्हा तयार होते; त्यामुळे परिणाम टिकत नाही. फॉस्फोरिक आम्ल टिकते, परंतु तुमच्या पाण्याची अल्कता ७५ वर आणायला त्याची जी मात्रा लागेल, तिच्यातून दर लिटरला दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास स्फुरद जाईल, आणि तेच आपल्याला नको आहे. सल्फ्यूरिक आम्ल व्यावसायिक रोपवाटिकांत वापरतात. घरी ते हाताळण्याचा सल्ला मी देणार नाही. तीन भाग पावसाचे पाणी आणि एक भाग बोअरचे असे मिसळले, तर अल्कता दर लिटरला ८० मिलिग्रॅम होते. एवढी अल्कता पिकाला चालते, आणि दहिवर यांच्या रोपांसारखा सामू कोसळण्यापासून ती वाचवतेही.

दरम्यान लोह द्यायचे असेल तर चिलेटचा, म्हणजे लोहाला विरघळलेले धरून ठेवणाऱ्या संयुगाचा, प्रकार पाहून घ्या. ईडीटीए प्रकारातले लोह ६.५ सामूच्या पुढे सुटू लागते, डीटीपीए साधारण ७.५ पर्यंत धरते, आणि चुनखडीच्या मातीत टिकते ते ईडीडीएचए. पाण्यात त्याचा रंग गडद लाल होतो. मात्रा पाकिटावरचीच ठेवा, वाढवू नका.

पालवी

बरोबर अकरा आठवड्यांनी परत लिहिते आहे. माती सुचवल्याप्रमाणे बदलली. मुळांच्या गोळ्याच्या मध्यभागातली माती पूर्ण सुटली नाही, तेवढी राहू दिली. ईडीडीएचए लोह एकदाच दिले. पहिले तीन आठवडे झाडाने काहीच केले नाही आणि सात-आठ जुनी पाने गाळली. त्या काळात पुन्हा खत देण्याचा मोह आवरणे मला सर्वांत अवघड गेले.

पाचव्या आठवड्यात नवी फूट आली ती पोपटी होती, आणि पंधरा दिवसांत तिने गडद हिरवा रंग धरला. कडेच्या नव्या मिश्रणाचा सामू ६.७ आहे, मधल्या जुन्या गोळ्याचा ७.६. तळातल्या पाण्याची ई. सी. ३.४ वरून १.३ झाली. पूर्वी पिवळी झालेली पाने मात्र, कुंचल्याने रंगवलेले भाग सोडल्यास, तशीच पिवळी आहेत.

साठवलेले पावसाचे पाणी साधारण तीन महिने पुरेल. ते संपल्यावर काय करावे, एवढाच प्रश्न उरला आहे.

मृदावेध

जुन्या पानांच्या रंगावरून यश-अपयश ठरवू नका, ती आता बदलणार नाहीत. पण ती हिरव्या भागांतून झाडाला अन्न देत आहेत, म्हणून कापूही नका. पावसाचे पाणी संपत आले की गाळणयंत्राचे, म्हणजे आर. ओ.चे, पाणी त्याच तीनास एक प्रमाणात मिसळता येईल. तेही नसेल तर बोअरचे पाणी द्यावे लागेल, आणि तेव्हा नत्रासाठी अमोनियम सल्फेट थोड्या मात्रेत वापरा: १० ग्रॅम अमोनियम सल्फेट साधारण ११ ग्रॅम चुन्याला पुरून उरते. अल्कतेचा पूर्ण हिशोब त्याने फिटणार नाही, कारण तेवढे खत दिले तर नत्र अति होईल, पण चढ नक्की मंदावेल. दर महिन्याला तळातले पाणी एकदा मोजून वहीत लिहा. सामूचा आकडा ७.२ च्या पुढे सरकला की पाने पिवळी होण्याची वाट न पाहता येथे कळवा.

पालवी

वही केली आहे. पहिली नोंद आजची: सामू ६.७, ई. सी. १.३, शेंड्याकडे नवी नऊ पाने, सर्व हिरवी.